जॉन जॉन्सन: चौथ्या श्रेणीतला बचावपटू भारतात का टिकला

२०१३च्या उन्हाळ्यात दोघांना एकाच सुमारास निर्णय घ्यायचा होता. एक होता जॉन जॉन्सन. मिडल्सब्रोत जन्मलेला हा बचावपटू नुकताच इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीतल्या नॉर्थहॅम्प्टन टाउनमधून बाहेर पडला होता, आणि त्याची पंचविशीही पूर्ण झाली नव्हती. दुसरा होता बंगळुरूतला एक क्लब, ज्याने तोवर एकही सामना खेळलेला नव्हता. त्या क्लबकडे परदेशी खेळाडूंच्या फक्त चार जागा होत्या. जॉन्सनने भारतात यायचे ठरवले आणि क्लबने चारातली एक जागा त्याला दिली. पुढचे सात मोसम तो इथेच खेळला.

आपल्याकडे परदेशी खेळाडू आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'तिकडे कुठे खेळायचा?' उत्तर 'लीग टू', म्हणजे इंग्लंडची चौथी श्रेणी, असे आले की नाक मुरडले जाते. मला हे नाक मुरडणे नेहमी खटकत आले आहे. चौथ्या श्रेणीतला खेळाडू म्हणजे उरलासुरला माल, असे धरून चालले की जॉन्सनची कारकीर्द कळतच नाही. ती कळायची तर तो नेमके काय शिकून आला होता आणि इथे नेमके काय कमी होते, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात.

मिडल्सब्रोची अकादमी

मिडल्सब्रो हे टीज नदीकाठचे पोलादाचे गाव. सिडनीचा प्रसिद्ध हार्बर ब्रिज इथल्याच डोर्मन लाँग कंपनीने बांधला. पुढे पोलादाचा धंदा बसत गेला, तरी फुटबॉल राहिला. तिथल्या क्लबची अकादमी विशीच्या आतल्या मुलांसाठी देशातल्या चांगल्या अकादम्यांपैकी मानली जायची. तिची ताकद ७ मे २००६ रोजी साऱ्या इंग्लंडने पाहिली. तीन दिवसांनी आइंडहोवेनमध्ये सेव्हियाविरुद्ध यूएफा चषकाची अंतिम लढत होती, म्हणून मिडल्सब्रोने फुलहॅमविरुद्धच्या लीग सामन्यासाठी मुख्य खेळाडूंना विश्रांती दिली आणि पोरांना उतरवले. सोळा जणांच्या त्या पथकातले पंधरा जण गावापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले होते. सामना ०-१ असा हरला, पण प्रीमियर लीगमध्ये एक क्लब जवळजवळ आपल्याच पंचक्रोशीतल्या मुलांवर उभा राहिला, याचे अप्रूप अजून सांगितले जाते.

जॉन्सन याच अकादमीतला. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. पण अकादमी चांगली असली की तिच्यात घडलेल्या प्रत्येकाला वर जागा मिळतेच असे नाही. गर्दी झाल्यामुळे ती मिळणे उलट अवघड होते. सेंटर-बॅकची, म्हणजे बचावफळीच्या मधल्या खेळाडूची, अडचण आणखी वेगळी. आघाडीच्या मुलाला शेवटची दहा मिनिटे देऊन पाहता येते. बचावफळीच्या मधोमध कोणी प्रयोग करत नाही, कारण तिथली एक चूक थेट गोल ठरते. त्यातच २००८-०९च्या मोसमाअखेर मिडल्सब्रो प्रीमियर लीगमधून खाली घसरला. अशा वर्षात प्रशिक्षक नव्या मुलांवर डाव लावत नाहीत. जॉन्सनला आधी ट्रॅनमियर रोव्हर्सकडे आणि मग नॉर्थहॅम्प्टनकडे लोनवर, म्हणजे तात्पुरते उसने, पाठवले गेले. नॉर्थहॅम्प्टनशी पुढे कायमचा करार झाला.

लीग टू म्हणजे काय

इंग्लंडमध्ये व्यावसायिक लीगचे क्लब ९२. प्रीमियर लीगचे २० आणि त्याखालच्या तीन श्रेणींचे प्रत्येकी २४. नॉर्थहॅम्प्टन तेव्हा त्यातल्या शेवटच्या चोविसांत. मोसमात लीगचे ४६ सामने, शिवाय चषकांचे. शनिवारी सामना, पुष्कळदा मंगळवारी रात्री पुन्हा सामना, आणि मधे बसचा लांबचा प्रवास. हिवाळ्यात मैदान चिखलाचे. चेंडू पायापेक्षा डोक्यावर जास्त येतो. समोरचा आघाडीपटू उंच, दांडगा, पाठ लावून उभा राहणारा. त्याच्याशी नव्वद मिनिटे अंगाला अंग लावून झुंजायचे. पहिला चेंडू हेडरने जिंकायचा, तो पडेल तिथला दुसरा चेंडू आपल्याच माणसाला मिळेल अशी रांग लावायची, आणि ओरडत राहायचे. गप्प सेंटर-बॅक त्या श्रेणीत टिकत नाही.

सरावातही सुटका नव्हती. त्या काळात नॉर्थहॅम्प्टनकडे अडेबायो अकिनफेन्वा हा शंभर किलोंच्या घरातला आघाडीपटू होता. अशा माणसाला आठवडाभर सरावात अडवायचे आणि शनिवारी त्याच्याच जातीच्या दुसऱ्याला सामन्यात अडवायचे, ही त्या बचावफळीची शाळा. या शाळेचे प्रमाणपत्र मिळत नाही, पण शिकलेले विसरताही येत नाही.

या क्लबला एक रात्र मिळाली. २२ सप्टेंबर २०१० रोजी लीग चषकाच्या तिसऱ्या फेरीत नॉर्थहॅम्प्टनने अॅनफिल्डवर लिव्हरपूलला २-२ असे रोखले आणि पेनल्टी शूटआउटमध्ये हरवले. त्यानंतर मात्र चौथ्या श्रेणीतले नेहमीचे दिवस परत आले. २०११-१२मध्ये संघ तळाशी झगडत होता. पुढच्या वर्षी तोच संघ वेम्बलीवर, वरच्या श्रेणीत जाण्यासाठीच्या प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि १८ मे २०१३ रोजी ब्रॅडफर्ड सिटीकडून ०-३ असा हरला. एका सामन्याने एक श्रेणी हुकली.

त्या श्रेणीत करार एक-दोन वर्षांचे असतात. मोसम संपला की क्लब कोणाला ठेवायचे आणि कोणाला सोडायचे याची यादी काढतो, आणि शेकडो खेळाडू एकाच महिन्यात बाजारात येतात. चोविशीतल्या बचावपटूपुढे तेव्हा सरळ रस्ता असतो तो दुसऱ्या लीग टू क्लबचा, किंवा त्याच्याही खालच्या नॅशनल लीगचा. परदेशी जायचे ते तिशीनंतर, शिडी उतरून झाल्यावर, अशी तिथली रीत. जॉन्सनने ती मोडली, आणि या प्रकरणातला कळीचा मुद्दा मला इथेच दिसतो. तो भारतात निवृत्तीची वर्षे काढायला आला नव्हता. बचावपटू ज्या वयात पिकतो ती चोवीस ते एकतीसची सारी वर्षे त्याने इथे दिली.

चार जागांचा हिशेब

आता दुसरी बाजू. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने कंपन्यांना आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या सर्वोच्च लीगमध्ये, थेट प्रवेश देण्यासाठी बोली मागवल्या, तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या जेएसडब्ल्यू समूहाने बंगळुरूचा क्लब घेतला. पोलादाच्या गावातून आलेला मुलगा पोलाद कंपनीच्या क्लबात आला, हा निव्वळ योगायोग. क्लबची औपचारिक घोषणा जुलै २०१३मध्ये झाली आणि सप्टेंबरमध्ये लीग सुरू होणार होती.

प्रशिक्षक म्हणून आला अॅशली वेस्टवूड, वय ३६. मँचेस्टर युनायटेडच्या युवा संघातून निघून क्रू, ब्रॅडफर्ड, शेफील्ड वेन्सडे अशा क्लबांतून उतरत गेलेला बचावपटू, नॉर्थहॅम्प्टनकडूनही खेळलेला. लीग टूमधल्या सेंटर-बॅकला काय येते आणि काय येत नाही, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

त्या वेळच्या भारतीय क्लबांचा परदेशी जागांचा हिशेब साधा होता: गोल करणारा आणा. तो चुकीचा होता असेही म्हणता येत नाही. २००७-०८ ते २०१२-१३ या सहा मोसमांत आय-लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ओडाफा ओकोली किंवा रँटी मार्टिन्स हाच होता, दोघेही नायजेरियाचे. गोव्याच्या डेम्पोने रँटी आणि बेटो यांना पुढे ठेवून आणि मागची फळी महेश गवळी, समीर नाईक यांच्यासारख्या घरच्या बचावपटूंवर सोपवून विजेतेपदांवर विजेतेपदे मिळवली. परदेशी पुढे, गोवेकर मागे, हे सूत्र गोव्यात नीट चालत होते. पण महेश गवळी सगळ्यांना कुठून मिळणार? ज्यांच्याकडे तसा माणूस नव्हता तेही क्लब हेच सूत्र वापरत राहिले, आणि मोसम मध्यावर आला की मागून गळायला लागायचे.

वेस्टवूडने चारपैकी दोन जागा बचावफळीच्या मध्याला दिल्या. एक जॉन्सन. दुसरा कर्टिस ओसानो: केनियात जन्मलेला, रीडिंगच्या अकादमीत घडलेला, पुढे रश्डेन अँड डायमंड्स आणि लुटनकडून खेळलेला. म्हणजे तोही इंग्लंडच्या खालच्या श्रेणींतलाच. उरलेल्या दोन जागांवर लायबेरियाचा जॉनी मेनयोंगार आणि ऑस्ट्रेलियाचा शॉन रूनी. गोल करण्याचा मुख्य भार सुनील छेत्रीवर, म्हणजे भारतीयावर. इतर क्लब जे करत होते ते इथे बरोबर उलटे झाले होते. वेस्टवूडचे श्रेय मी या निर्णयाला देतो. सरावाची शिस्त, आहार, व्हिडिओ विश्लेषण यांची चर्चा तेव्हा फार झाली, आणि ती योग्यच होती. पण या गोष्टी इतरांना उचलता आल्या असत्या. दोन परदेशी जागा मागे देण्याची हिंमत मात्र फार थोड्यांकडे होती.

निकाल पहिल्याच वर्षी लागला. २१ एप्रिल २०१४ रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर बंगळुरूने डेम्पोला ४-२ असे हरवले आणि पदार्पणाच्या मोसमात आय-लीग जिंकली. जानेवारी २०१५मध्ये त्याच मैदानावर, त्याच डेम्पोला २-१ असे हरवून फेडरेशन चषकही नेला. ज्या सूत्राला त्याने आव्हान दिले होते त्या सूत्राच्या माहेरघरी जाऊन.

३१ मे २०१५

जॉन्सनच्या भारतातल्या वर्षांतून एकच संध्याकाळ निवडायची झाली, तर मी विजयाची निवडणार नाही. मी बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवरचा मोहन बागानविरुद्धचा सामना निवडेन. आय-लीगचा शेवटचा दिवस. बागान दोन गुणांनी पुढे, त्यांना बरोबरी पुरेशी. बंगळुरूला जिंकायलाच हवे होते.

४१व्या मिनिटाला बंगळुरूचा गोल झाला, आणि तो केला जॉन्सनने. मधल्या काळात बचावपटूचे गोल हा या संघाचा एक ठरलेला मार्ग झाला होता. युजेनसन लिंगडोह फ्री किक आणि कॉर्नर मारण्यात पटाईत, आणि चेंडू गोलसमोरच्या पेटीत येताना मागची उंच माणसे पुढे आलेली. आक्रमण अडकले तरी सेट-पीसवर गोल निघतो, हा लीग टूचा रोजचा धडा इथे विजेतेपदाच्या उंबरठ्यावर उपयोगी पडत होता.

मग पाऊण तास ती आघाडी सांभाळायची होती. टिकवायला एकच गोल असला की बचावफळीचा खेळ बदलतो. रांग हळूहळू मागे सरकते, क्लिअर केलेला प्रत्येक चेंडू परत येतो, आणि आपण हाफलाइन ओलांडायचे विसरतो. बागानला गमावण्यासारखे काही उरले नव्हते. त्यांच्याकडे हैतीचा सोनी नॉर्ड होता, त्याच्या पायातून येणारा चेंडू कुठे वळेल याचा नेम नसायचा.

८७वे मिनिट, बागानला कॉर्नर. कॉर्नर आला की सेंटर-बॅकचे काम काय असते? पहिल्या क्षणी आपला माणूस शोधायचा आणि त्याच्या व गोलच्या मधे उभे राहायचे. दुसऱ्या क्षणी चेंडूकडे पाहायचे. अडचण अशी की दोन्ही एकाच वेळी पाहता येत नाही. चेंडूवर डोळे गेले की माणूस सुटतो, माणसावर गेले की चेंडूचा अंदाज चुकतो. बाकी सारे अनुभवावर, धक्क्यावर आणि ओरडण्यावर. नॉर्डचा चेंडू आला आणि बागानचा नायजेरियन बचावपटू बेलो रझाकने हेडरने तो जाळीत मारला. १-१. विजेतेपद बागानला, तेरा वर्षांनी. गुण ३९ विरुद्ध ३७.

कोणाचा माणूस सुटला, याचा निवाडा करायला मला इथे बसायचे नाही. मला दिसते ते असे: भारताचे विजेतेपद ठरवणाऱ्या सामन्यात दोनच गोल झाले आणि दोन्ही परदेशी सेंटर-बॅकनी केले. प्रशिक्षक संजय सेनच्या बागाननेही चारातली एक जागा मागच्या फळीला दिली होती. दोन वर्षांपूर्वी वेगळा वाटणारा हिशेब लीगच्या पहिल्या दोन्ही संघांनी मान्य केला होता.

प्रशिक्षक बदलला, कामही बदलले

२०१५-१६मध्ये बंगळुरूने दुसऱ्यांदा आय-लीग जिंकली आणि लगेच वेस्टवूड गेला. त्याच्या जागी अल्बर्ट रोका आला, स्पेनचा, बार्सिलोनात फ्रँक रायकार्डचा सहायक राहिलेला. इंग्लिश बचावपटूसाठी ही खरी परीक्षा. वेस्टवूडच्या संघात पहिले काम होते धोका बाहेर काढणे. रोकाच्या संघात हल्ला मागून सुरू व्हायचा. गोलरक्षकाकडून चेंडू घ्यायचा, समोरून दाब येत असताना तो पायाशी ठेवायचा आणि मधल्या फळीतला माणूस शोधून द्यायचा. जोडीदारही बदलला. ओसानो गेला, हुआनान आला, स्पॅनिश मुशीतला.

अशा वेळी जुन्या प्रशिक्षकाने आणलेला परदेशी खेळाडू सर्वात आधी जातो, कारण नव्या माणसाला त्याची जागा हवी असते. इतर परदेशी गेले. जॉन्सन राहिला. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला हा सर्वात मोठा विजय आहे, आणि त्यासाठी चषक मिळत नाही. वेस्टवूडचा माणूस म्हणून आलेला खेळाडू रोकालाही हवासा वाटला, म्हणजे मधल्या काळात त्याने खेळात भर घातली होती.

त्याच वर्षी एएफसी चषकाची, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेची, वाटचाल झाली. उपांत्य फेरीत गतविजेत्या जोहोर दारुल ताझिमविरुद्ध मलेशियात १-१ अशी बरोबरी आणि १९ ऑक्टोबर २०१६ रोजी कांतीरवावर ३-१ असा विजय. या चषकाच्या अंतिम फेरीत पोचलेला हा पहिला भारतीय क्लब. ५ नोव्हेंबरला दोहामध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबने १-० असे हरवले, तेही पहिला गोलरक्षक अमरिंदर सिंग निलंबनामुळे बाहेर असताना. इथे एक गोष्ट विसरली जाते. तेव्हा इंडियन सुपर लीग वर्षाअखेरचे दोन-अडीच महिने चालायची आणि आय-लीग त्यानंतर. आय-लीगचे बहुतेक भारतीय खेळाडू त्या काळात सुपर लीगच्या संघांकडून खेळायचे, झगमगाट तिकडे असायचा. जॉन्सनसारखा परदेशी मात्र एका क्लबाशी बांधलेला, रिकाम्या महिन्यांत सराव करत थांबलेला. एएफसी चषकातल्या या धावेमुळे त्या महिन्यांना अर्थ आला.

मे २०१७मध्ये कटकला बागानला हरवून फेडरेशन चषक पुन्हा आला, आणि त्या हिवाळ्यात क्लब इंडियन सुपर लीगमध्ये गेला.

बालेवाडी आणि त्यानंतरचे दहा दिवस

सुपर लीगमध्ये जाताना क्लबने परदेशी पथक जवळजवळ नव्याने बांधले: मिकू, दिमास डेलगाडो, एरिक पार्टालू. जुन्यांतले जॉन्सन आणि हुआनान राहिले. त्यांच्या बाजूला आता मुंबईचा राहुल भेके होता, मधल्या फळीत गोव्याचा लेनी रॉड्रिग्ज. पहिला सामना मुंबई सिटीविरुद्ध २-० असा जिंकला. लीगमध्ये १८ सामन्यांत ४० गुण, दुसऱ्या क्रमांकापेक्षा आठ जास्त.

उपांत्य फेरीत गाठ एफसी पुणे सिटीशी पडली. ७ मार्च २०१८ रोजी बालेवाडीला ०-०. पुण्याकडे मार्सेलिन्यो आणि एमिलियानो अल्फारो ही त्या मोसमातली धोकादायक जोडी होती. त्यांना त्यांच्याच मैदानावर गोल करू न देणे हे पाहुण्या बचावफळीचे काम होते आणि ते झाले. बालेवाडीला इंग्लिश सेंटर-बॅकचे अप्रूप नव्हते म्हणा, आय-लीगच्या दिवसांत पुणे एफसीकडे कॅलम अँगस खेळून गेला होता. परतीच्या सामन्यात छेत्रीने तीन गोल केले, ३-१. पुणे सिटीने पुढच्याच वर्षी गाशा गुंडाळला, त्यामुळे पुण्यात झालेला तो बाद फेरीचा सामना आता जास्तच आठवतो.

१७ मार्चला कांतीरवावर अंतिम सामना, समोर चेन्नईयिन. त्यांचा प्रशिक्षक जॉन ग्रेगरी. त्याने खेळाडू म्हणून सुरुवात केली होती ती नॉर्थहॅम्प्टन टाउनमध्येच, १९७२ साली. नवव्या मिनिटाला छेत्रीने गोल केला. मग १७व्या मिनिटाला कॉर्नरवर मैल्सन आल्वेसचा हेडर. ४५व्या मिनिटाला पुन्हा कॉर्नर, पुन्हा मैल्सन. ब्राझिलचा सेंटर-बॅक. शेवटी ३-२ असा सामना गेला. तीन वर्षांपूर्वी याच मैदानावर बंगळुरूचे विजेतेपद कॉर्नरने हिरावले होते. मोसमभर सर्वात भक्कम ठरलेली बचावफळी एकाच सामन्यात दोनदा तशीच फसली.

एप्रिलमध्ये भुवनेश्वरला ईस्ट बंगालला ४-१ असे हरवून क्लबने सुपर चषक जिंकला, आणि जॉन्सनची बंगळुरूतली पाच वर्षे संपली. या काळात त्या क्लबसाठी शंभराहून जास्त सामने.

पुढचे दोन मोसम तो कोलकात्याच्या एटीकेकडे होता. त्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पहिल्या वर्षी स्टीव्ह कॉपेलच्या हाताखाली संघ सहावा आला. दुसऱ्या वर्षी अंतोनियो हाबासने संघ बांधला आणि १४ मार्च २०२० रोजी, करोनामुळे प्रेक्षकांविना, फातोर्ड्याला चेन्नईयिनला ३-१ असे हरवून एटीकेने लीग जिंकली. जॉन्सन त्या मोसमाच्या पथकात होता.

निर्णय तपासताना

खेळाडूच्या बाजूने पाहिले तर मिळकत उघड आहे. आय-लीग दोनदा, फेडरेशन चषक दोनदा, एएफसी चषकाची अंतिम फेरी, भरलेली मैदाने. नॉर्थहॅम्प्टनमध्ये राहून यातले काही हाती लागले असते असे मला वाटत नाही. पण किंमतही मोजली गेली, आणि ती लपवू नये. इंग्लंडच्या खालच्या श्रेणींतले क्लब खेळाडू निवडतात ते डोळ्यांसमोर खेळलेल्या सामन्यांवरून. दोन-तीन मोसम बाहेर काढले की नाव याद्यांतून गळते, आणि आय-लीग जिंकली याचे वजन तिथे कोणी करत नाही. एकदा गेलेल्याला परत त्याच शिडीवर चढणे फार अवघड. चोविशीत हा दरवाजा आपल्यामागे बंद होऊ देणे सोपे नव्हते. आपल्याकडे 'तिकडे जमले नाही म्हणून इकडे आला' असे ज्या सहजपणे म्हटले जाते, त्यात ही जोखीम कोणी धरत नाही.

क्लबच्या बाजूने पाहताना एक शंका रास्त आहे. परदेशी सेंटर-बॅक आणला की भारतीय सेंटर-बॅकची जागा जाते, मग आपले गवळी-नाईक घडणार कुठून? मला ही शंका पटते, पण अर्धीच. आघाडीच्या जागा वर्षानुवर्षे परदेशी खेळाडूंना दिल्याचा परिणाम आपण भोगतो आहोत. छेत्रीनंतर कोण, हा प्रश्न त्यातूनच आला. तोच धोका मागच्या फळीलाही आहे. मात्र बचाव हे शेजाऱ्यासोबत करायचे काम आहे. रांग कधी उचलायची, कधी थांबायचे, कोणाला काय ओरडून सांगायचे, हे फळ्यावर शिकवता येत नाही. शेजारी उभा असलेला माणूस नव्वद मिनिटे बोलत राहिला तरच अंगवळणी पडते. एकच परदेशी मागे असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे भारतीय शिकतात. दोन्ही मधल्या जागा परदेशी असतील तर शिकणारा बाजूला ढकलला जातो. वेस्टवूडचा पहिला संघ आणि रोकाचा सुपर लीगचा संघ या कसोटीवर मला थोडे कमी पडलेले दिसतात, जिंकले तरीही.

पण बाजूच्या जागेवरूनही शिकता येते, हे भेकेने दाखवले. २०१८च्या त्या अंतिम सामन्यात तो उजव्या बगलेला होता आणि मैल्सनचे दोन्ही हेडर त्याच्यासमोर जाळीत गेले होते. बरोबर एका वर्षाने, १७ मार्च २०१९ रोजी, अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनावर बंगळुरू पुन्हा अंतिम सामन्यात होता, या वेळी एफसी गोवाविरुद्ध. गोलशून्य नव्वद मिनिटे, मग जादा वेळ. ११७व्या मिनिटाला दिमासने कॉर्नर घेतला आणि भेकेने, आपल्या शहरात, हेडरने सामन्यातला एकमेव गोल केला. बचावफळीत हुआनान अजून होता. जॉन्सन तोवर एटीकेकडे गेला होता, आणि एटीके त्या वर्षी पहिल्या चारांतही नव्हते.